फील्ड डावीकडे

वैशाली सोनकांबळे रबाळ्याच्या एका औषध कारखान्यात लागली ती १९८२ साली, बाटल्यांवर लेबलं चिकटवायला. वडील भगवान लातूरकडचे, जवळच्याच कंपनीत बॉयलरवर. तळवलीत भाड्याची खोली. सुट्टी झाली की ती ठाण्याला टायपिंगच्या क्लासला जायची. परीक्षा पास केल्या आणि चार वर्षांनी डिस्पॅचच्या ऑफिसात टेबल मिळवलं. पुढच्या वर्षी तिथे कॉम्प्युटर आला.

त्याचा प्रोग्रॅम मुंबईच्या नंदकुमारने लिहिला होता. माल बाहेर काढताना बॅच नंबर टाकायचा. लॅबने रोखलेल्या बॅचच्या यादीत तो सापडला तर पडद्यावर ‘स्टॉप’ येणार, नाहीतर गेटपास छापला जाणार.

एका सोमवारी खोकल्याच्या औषधाचा गेटपास निघाला आणि वैशाली चमकली. या बाटल्यांत गाळ बसत होता म्हणून लॅबने शुक्रवारीच ही बॅच रोखली होती. यादीत नंबर तिनेच भरला होता. ती धावत गेटवर गेली. टेम्पो निघण्याच्या बेतात होता.

“कागद तं बरोबर हाय बाई, मंग मना का थांबवतंस?” ड्रायव्हर देवजी म्हणाला.

“कागदच चुकलाय. माल उतरवा.”

दुपारी मॅनेजर रावसाहेबांनी नंदकुमारला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “यांनी नंबर चुकीचा टाकला असणार. दोन महिने प्रोग्रॅम चालू आहे, एकदाही तक्रार नाही.”

“दोन महिन्यांत एकदाही ‘स्टॉप’ आलेलं नाही, सर,” वैशाली म्हणाली. “मला प्रोग्रॅमचा प्रिंट द्या.”

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरसोबत आलेलं मॅन्युअल उघडून प्रिंटच्या एकेका ओळीचा अर्थ लावत बसली. यादी तपासणारी अट एकाच ओळीची होती: आधी टाकलेला नंबर, मग बरोबरचं चिन्ह, मग यादीतलं फील्ड, म्हणजे नंबर साठवायचा ठरावीक लांबीचा रकाना. तिने दोन्ही बाजूंची अदलाबदल केली. रोखलेल्या बॅचचा नंबर पुन्हा टाकला, लगेच ‘स्टॉप’ आलं.

नंदकुमार हसला. “दोन नंबर सारखे असतील तर कोण आधी, कोण नंतर, काय फरक पडतो?”

“पडतो. मशीन उजवीकडचा मजकूर संपेपर्यंत जुळवतं. आपला नंबर पाच अक्षरी, फील्ड आठ अक्षरी, उरलेल्या जागी स्पेस. फील्ड उजवीकडे ठेवलं की त्या स्पेसही जुळायला लागतात. टाकलेल्या नंबरात त्या नसतातच, म्हणून जुळणी कधीच होत नाही.”

त्याने स्वतः दोन्ही तऱ्हांनी चालवून बघितलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. असल्या उलट्या ओळी आणखी पाच निघाल्या.

रावसाहेबांना तेवढ्यावर विषय मिटवायचा होता. वैशाली म्हणाली, “साहेब, दोन महिन्यांचे गेटपास यादीशी ताडून बघायला हवेत.”

“उगाच बोभाटा होईल.”

“लोक पितायत ते औषध. मी एकटी बसते, पण बघू द्या.”

रावसाहेबांनी खण उघडला. मग गेटपासांच्या कपाटाची किल्ली तिच्यापुढे सरकवली.

दोन दिवसांत तिला एक बॅच सापडली. ठाण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेलेली, तिथून आठ दुकानांत. रावसाहेब स्वतः जीपने फिरले. पाच बाटल्या विकल्या गेल्या होत्या, बाकी सगळा माल परत आला. त्या पाच घेणाऱ्यांना दुकानदारांनी गाठलं. कुणाला काही झालं नव्हतं.

त्यानंतर वैशालीने कॉम्प्युटरशेजारच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘अटीत फील्ड डावीकडे, शोधायचा नंबर उजवीकडे. तपासल्याशिवाय चालवू नये.’ खाली सहीची जागा ठेवली. पहिली सही नंदकुमारने केली.

१९८९ मध्ये महाप्याच्या एका कंपनीने तिला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. नेमणुकीचं पत्र भगवानरावांनी बॉयलरवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं.