मातीचे वीस ग्रॅम वजा

कारखान्यात, गल्लीत आणि सासुरवाडीत त्यांना सगळे 'काटेकोर' म्हणत, आणि हे कौतुक आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. ते वजनकाटे दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होते. बाजारातले बिघडलेले काटे त्यांच्या टेबलावर येत. पितळी वजनं टाकून ते काटा तपासत, खरं बोलू लागला की त्यावर शिक्का मारत. त्यांच्या शिक्क्याबद्दल कधी तक्रार आली नाही. माणूस नोकरीमुळे असा होतो की असा असतो म्हणून अशी नोकरी धरतो, हे कुणी त्यांच्या बायकोला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "दोन्ही पारडी सारखीच भरतात."

त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी घर घेतलं. रांगेतलं शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अठरा बाय बावीस फुटांचा जमिनीचा तुकडा. घर त्यांच्या नावावर आणि घराचे कागद बँकेच्या तिजोरीत. कर्ज वीस वर्षांचं होतं, नोकरी उरली होती पंधरा वर्षं. शेवटची पाच वर्षं हप्ते कुठून भरायचे, या विचाराने त्यांची झोप उडाली. पंधरा दिवसांनी ती परत आली, ती मागच्या तुकड्यावर भाजी लावायचा बेत घेऊनच.

बेत साधा होता. भाजी पिकवायची, तोलून पुड्या बांधायच्या, कारखान्यातल्या सहकाऱ्यांना बाजारभावाने द्यायची आणि महिनाअखेर आलेली सगळी रक्कम कर्जात भरायची. चांगली भाजी गिऱ्हाइकांना, किडकी घरात. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "बाबा, निदान एकदा तरी अळीच्या आधी मला जेवायला बसवा."

पहिल्या वर्षी जमिनीतून विटांचे तुकडे, खिळे आणि एक अख्खा बूट निघाला. दुसऱ्या वर्षी कोबीवर अळी पडली आणि वांग्यांनी माना टाकल्या. काटेकोर आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "विकून टाकू हे घर. या जमिनीत दम नाही. आणि माझ्यातही."

"जेवून घ्या आधी," बायको म्हणाली. "मग विका."

त्याच सुमारास त्यांनी तंबाखूचं पाणी फवारून बघितलं, आणि बाग सुधारली. नुसती सुधारली नाही, चाळीस किलोवर गेली. महिन्याला! काटेकोर तंबाखूच्या पाण्यावर व्याख्यानं देऊ लागले. ती ऐकून कारखान्यातल्या तिघांनी आपापली झाडं मारून घेतली. प्रमाण चुकलं असणार, असं काटेकोरांचं मत पडलं. एवढ्याशा तुकड्यात चाळीस किलो कसे, हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या काट्याबद्दल असता तर त्यांनी नक्की विचारला असता.

तोडणी बायकोची, वजन त्यांचं, अशी वाटणी होती. ते कामावर असताना दुपारी ती भाजी काढून टोपलीत ठेवी. संध्याकाळी सहाला येऊन, हात धुऊन ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायला बसत आणि रजिस्टरमध्ये लिहीत. मुळा, गाजर मातीसकट असलं की माती वजा. "गिऱ्हाइकाला माती का विकायची?" असं म्हणून ते लिहीत : गाजर एक किलो शंभर, मातीचे वीस ग्रॅम वजा. बायको गॅसपाशी पाठमोरी उभी असे.

पाचव्या वर्षी रजिस्टर बगलेत मारून ते बँकेत गेले आणि कर्जाची मुदत पाच वर्षांनी कमी करून आले. हप्ता वाढला, पण निवृत्तीच्याच महिन्यात घर मोकळं होणार होतं.

"अहो, भोपळ्याच्या भरवशावर सही केलीत?" बायकोने विचारलं.

"भोपळ्याच्या नाही. रजिस्टरच्या."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून ती आणखी डझनभर शर्ट घेऊन आली. त्याच्यासाठी ती काजं करायची. वेळ जात नाही म्हणून, असं ती सांगे. काटेकोरांना ते पटलं होतं. त्या पैशांचं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता.

अकराव्या वर्षी थंडीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात अकरा दिवस. साठवलेलं सगळं तिथे गेलं, आणि तीही. मुलगी एव्हाना सासरी होती. ती महिनाभर येऊन राहिली आणि परत गेली. त्यानंतर काटेकोर सकाळी कामावर जाण्याआधी स्वतःच भाजी तोडू लागले.

पहिल्या महिन्यात तेरा किलो भरली.

त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. कारखान्यातून पितळी वजनं आणून तपासला. काटा खरं बोलत होता. मग माती बदलली, खत बदललं, बी बदललं. दुसऱ्या महिन्यात बारा किलो. मुलगी फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, आईचा हात होता त्या जमिनीला."

"हाताने तिप्पट होत नाही, बाळा," ते म्हणाले. "काहीतरी चुकतंय."

गिऱ्हाइकं तुटू लागली. एक हप्ता थकला, मग दुसरा. तिसरा थकला तेव्हा बँकेचं पत्र आलं : महिनाभरात बाकी न भरल्यास घर ताब्यात घेण्यात येईल. पत्रातली भाषा अत्यंत नम्र होती.

त्या रविवारी दुपारी ते वळणावरच्या भाजीवालीकडे गेले. राहिलेली चार गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून दोन किलो गाजर विकत घेऊन त्यांना द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि त्याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. भाजीवाली त्यांना ओळखत होती. तिच्या काट्यावर शिक्का त्यांचाच होता.

"गाजर द्या. न धुतलेलं असेल तर बघा," ते खाली बघत म्हणाले.

ती तोलता तोलता थांबली. "वहिनीही हेच मागायच्या. मी म्हणायचे, अहो, लोक धुतलेलं मागतात, तुम्हाला चिखलाचं कशाला? आणि नसलंच तर धुतलेलं न्यायच्या. म्हणायच्या, राहू दे, घरी माती लावीन."

"कधी?"

"रोज की. तुम्ही कामाला गेलात की दुपारी. किलोभर तरी न्यायच्याच. काय काय ताजं असेल ते, थोडं थोडं." तिने पुडी बांधली. "काजांचे पैसे रुमालात बांधून आणायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती मला. आता कुणासाठी पाळू?"

"किती वर्षं?"

"माझं दुकान इथे आलं तेव्हापासून. नऊ तरी झाली."

पैसे देऊन ते घरी आले. गाजर तसंच टोपलीत ठेवून त्यांनी रजिस्टरं काढली. नऊ वर्षांची नऊ. लाल पेन घेतलं. चुकीचं वजन सापडलं की नोंद खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहून सही करायची, अशी कारखान्यातली पद्धत होती. ते पहिलं पान उघडून बसले. कोबी दोन किलो दोनशे. हा कुठला? जमिनीतला की दुकानातला? एका कोबीची त्यांनी फार तारीफ केली होती, गल्लीभर दाखवून आले होते. तोही तिचाच असेल. किंवा नसेल. गाजराच्या प्रत्येक नोंदीखाली मातीचे ग्रॅम लिहिले होते, त्यांच्याच हाताने. अंधार पडेपर्यंत ते तिथेच होते. लाल पेनाचं टोपण उघडलं नव्हतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बँकेत गेले. टेबलामागे त्यांच्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. तिने फाईल उघडली.

"मुदत वाढवता येईल, काका. चारची सात वर्षं होतील. म्हणजे निवृत्तीनंतर तीन वर्षं. पेन्शनमधून जमेल?"

"जमवीन."

"कारण लिहावं लागेल. हप्ता का थकला?"

"घरातली एक कमावती व्यक्ती गेली."

ती फाईल मागे-पुढे चाळत राहिली. "पण तुमच्या अर्जात तर कमावते तुम्ही एकटेच आहात. पत्नीचं उत्पन्न : निरंक. तुमचंच अक्षर आहे."

"ते चुकीचं भरलं होतं मी."

"पुरावा काही? पावती, दाखला?"

त्यांनी पिशवीतून एक रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. तिने दोन पानं उलटली.

"काका, यात भाज्या आहेत."

"हो."

रजिस्टर तिने हलकेच बंद करून दोन्ही हातांनी परत दिलं.

"जुन्या अर्जावर खाली एक ओळ लिहू द्याल का?" त्यांनी विचारलं. "खोडत नाही. खाली दुरुस्ती आणि सही. आमच्याकडे चालतं."

"मंजूर झालेल्या अर्जावर काही लिहिता येत नाही, काका. खरंच नाही."

"बरं."

कारणाच्या जागी तिने 'पत्नीचे निधन' एवढंच लिहिलं. मग नव्या अर्जाचा कागद छापून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. जुन्या अर्जावरची माहिती त्यात आपोआप उतरली होती. नाव, पत्ता, पगार. पत्नीचं उत्पन्न : निरंक.

"एकदा वाचून घ्या," ती म्हणाली. "कुठे चूक असेल तर यात आत्ता दुरुस्त करता येईल."

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, त्या ओळीवर जरा जास्त वेळ थांबले.

"नाही," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

आणि तिने खूण केलेल्या पाचही जागी त्यांनी सह्या केल्या.