देवाला चोरलेली फुलं

स्वीट पीचं बी मी इंग्लंडहून मोज्यात लपवून आणलं. कंपनीने पहिल्यांदाच मला ऑनसाइट पाठवलं होतं आणि ज्या बाईंकडे मी भाड्याने राहत होते, त्यांच्या कुंपणावर हा वेल होता. गुलाबी, जांभळी, नाजूक फुलं. वास इतका गोड की ऑफिसातून येताना मी उगाचच कुंपणापाशी बुटाची लेस बांधत बसायचे. निघताना बाईंनी कागदात बांधून बी दिलं. कस्टमवाले पकडतील या भीतीने माझी विमानात झोप उडाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला मुदतीआधीच परतावं लागलं होतं, कारण आई बाबांच्या स्कूटरवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, आता त्यांना चालवा. या हिवाळ्यात उठल्या नाहीत तर मग अवघड आहे." आईने वॉकर धरून एकदा प्रयत्न केला, तोल गेला, ती पलंगाच्या कडेवर आपटली आणि विषय संपला. "मला छळू नका. परत पडले तर परत तेच सगळं," एवढंच म्हणायची. एरवी येरवड्याच्या आमच्या कॉलनीत हिचा आवाज शेवटच्या बिल्डिंगपर्यंत जायचा. ती अशी गप्प पडलेली पाहून मला धडकीच भरली होती.

बाबांच्या कारखान्याने त्यांना नुकतीच स्वेच्छानिवृत्ती दिली होती. त्यात त्यांची स्वेच्छा किती होती ते तेच जाणोत. हाताला काम नव्हतं, म्हणून बी त्यांनी ताब्यात घेतलं. नर्सरीवाला म्हणाला की हे पुण्यात फक्त थंडीत होतं, उन्हं तापली की खलास. आईने पलंगावर पडल्यापडल्या वाटीत बी भिजवलं आणि मटकीला बांधतात तसं फडक्यात बांधून मोड आणले. हे खायचं नसतं, विषारी असतं, असं बाबांनी आल्यागेल्याला इतक्यांदा बजावलं की आई म्हणाली, "अहो, उसळ करणार नाहीये कोणी." दसरा झाल्यावर त्यांनी ते आईच्या खिडकीसमोर कुंपणाच्या तारेलगत लावलं. आम्ही तळमजल्यावर होतो, त्यामुळे तिला पलंगावरून सगळं दिसायचं.

संक्रांतीच्या सुमारास वेल फुलला. खिडकी उघडली की खोलीभर वास. आई चक्क उशीला टेकून बसायला लागली.

पुण्यात पहाटे फिरायला निघणारी माणसं खिशात प्लास्टिकची पिशवी का ठेवतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं देवाला जास्त चालतात. आमच्याकडेही एक काकू यायला लागल्या, मग त्यांच्या मागून आणखी दोघी. पहिल्या दिवशी आईने खिडकीतूनच हटकलं, "काकू, एवढी कशाला? किती देव आहेत घरात?" काकू खजील होण्याऐवजी खिडकीपाशी आल्या आणि गप्पा मारत उभ्या राहिल्या. कुणाचे गुडघे, कुणाची सून, कुणाचा अमेरिकेतून फोन न करणारा मुलगा. मी कंपनीच्या बससाठी आवरत असायचे आणि आतून आईचं हसू ऐकू यायचं.

बाबांना मात्र फक्त चोरी दिसली. रंगाचा डबा आणून त्यांनी सुबक अक्षरात पाटी रंगवली: 'ही फुले आमच्या रुग्णासाठी आहेत. देवास हवी असल्यास देवाने स्वतः येऊन मागावीत.' तारेला पाटी लटकवून ते दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिले. पाटी फक्कड होती, मी खोटं का बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी कोणी फिरकेना. आईने मला पाटी वाचून दाखवायला लावली. "रुग्ण कोण? म्हणजे आता बोर्ड लावून जाहीर केलं का?" असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या आठवड्यात ती उशीला टेकून बसली नाही. थंडी ओसरायला लागली होती आणि मला डॉक्टरांचं बोलणं सारखं आठवत होतं.

वेलाचंही बिनसलं. नव्या कळ्या येईनात. बाबा खत घालून थकले. शेवटी आईनेच मान वळवून पाहिलं. रागावली की तिची भाषा थेट माहेरी, लोणी काळभोरला जायची. "अवो, शेंगा धरल्यात त्याला. गवारीचंबी असंच हाय. तोडली न्हाई की वेल म्हणतो, झालं माझं काम. ती पाटी काढा आधी."

बाबांनी पाटी काढली, कात्री घेऊन शेंगा छाटल्या आणि नवी पाटी लावली: 'फुले रोज तोडावीत.' आता तर कोणीच येईना. फुकट देतायत म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड असणार, अशी लोकांची खात्री पटली. शेवटी आईने खिडकीतून काकूंना हाक मारली. काकू मैत्रिणींना घेऊन आल्या आणि थोड्या दिवसांत वेल पुन्हा फुलला.

त्या सकाळी मी दारात बूट घालत होते. बाबा चहा ओतत होते. बाहेर एका नव्या बाईंनी फूल तोडायला हिसका दिला आणि अख्खी फांदी तारेवरून सुटून खाली आली. आतून आई ओरडली, "ओढू नका, ओढू नका!" बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी दुसरा हिसका दिला. मग वॉकर फरशीवर आपटल्याचा आवाज आला, एकदा, परत एकदा, आणि गाऊनवर बाबांचा स्वेटर चढवलेली आई माझ्या शेजारून पुढे गेली. मी इतकी दचकले की बाजूला व्हायचंही सुचलं नाही. नाक्यावर कंपनीच्या बसने हॉर्न दिला. जाऊ दे म्हटलं.

आई कुंपणापाशी पोचली. धाप लागली होती, तरी तोंड चालूच होतं. "अहो बाई, दावं ओढल्यासारखं काय ओढताय? इकडे बघा. एका हाताने वेल धरायचा." तिने डाव्या हाताने वेल धरला. "आणि दुसऱ्या हाताने देठ मोडायचा." तिने उजव्या हाताने देठ मोडला.

वॉकर तिच्या मागे नुसता उभा होता. बाबा गाळणं हातात घेऊन दारात आले, त्यांनी ते पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"बाबा, बोलू नका," मी पुटपुटले. "तिला कळलेलं नाहीये."