संकल्प कोणाच्या नावाने?

टीव्हीवर नुसतं एक बंद दार दाखवत होते. आत पाच-सहा मंत्री बसले होते. दुपारी त्यातला एक बाहेर आला आणि म्हणाला, देशाने युद्धात उतरायचं ठरवलंय. देशाने? अहो, मी काय देशाबाहेर राहते? काशीत पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीत तर कोणी विचारायला फिरकलं नव्हतं. माझा एकुलता एक मुलगा फौजेत आहे. सकाळीच त्याचा फोन आला होता, "आई, छुट्टी कॅन्सल झाली." पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मोहल्ला कमिटीचे अध्यक्ष चौघांना घेऊन दारात. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पंडितजी, घाट पर विजय-यज्ञ करवाना है." आमच्याकडे पिढीजात भिक्षुकी. ह्यांनी नेहमीचंच विचारलं, "संकल्प किसके नाम से?"

यजमानाने तळहातावर पाणी घ्यायचं, स्वतःचं नाव-गोत्र सांगायचं, काय हवंय ते बोलायचं, मगच कार्य सुरू. साध्या सत्यनारायणालाही हे टळत नाही.

"पूरे देश के नाम से," अध्यक्ष म्हणाले.

"देश का गोत्र नहीं होता. आप बैठिए."

अध्यक्ष मागे बघायला लागले. मागच्यांपैकी एकाला अचानक दुकान आठवलं. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "आपका बेटा तो वहीं है. उसी का नाम ले लीजिए."

माझं डोकंच फिरलं. रागात हिंदी कुठली सुचतेय! "वा रे वा! ठरवायचं तुम्ही, घोषणा द्यायच्या तुम्ही, आणि नाव माझ्या लेकराचं? चालते व्हा!" मराठी त्यांना कळली नसेल, पण चपला पटकन सापडल्या. त्या बंद दाराआड तरी कोणी हातात पाणी घेतलं होतं? स्वतःच्या पोराचं नाव घेऊन एकाने जरी ठरवलं असतं, तरी मी ऐकून घेतलं असतं.

दार लावून वळले, तर हे देवापुढे बसलेले. समोर ताम्हन, तळहातावर पाणी. नाव, गोत्र, काशीक्षेत्र, सगळं संस्कृतात खणखणीत म्हणाले. काय हवंय, तिथे आले आणि अडकले. चाळीस वर्षांत ह्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. पाणी बोटांमधून गळून गेलं. मी पळीने पुन्हा घातलं.

तेव्हा हे मराठीत म्हणाले, "त्याला घरी पाठव."