डावा खांदा

मुलीने पुण्याहून बाइकसाठी जीपीएस पाठवला, तेव्हा मला रागच आला. अख्खा जन्म लालबागमध्ये गेला आणि आता ही डबी मला रस्ता सांगणार. तरी भोईवाड्यातल्या मेकॅनिककडे जाऊन बसवून घेतला. माझ्या जुन्या हँडलवर क्लॅम्प सैल पडत होता, म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो आवळला.

"काका, आवाज चालू ठेवू का?"

म्हटलं, बंद कर, मला कटकट नको.

तिथूनच अँटॉप हिलला मेहुणीकडे निघालो, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिथल्या सरकारी इमारती सगळ्या एकसारख्या. तीस वर्षं जातोय, पण वळणं मी कधी लक्षातच ठेवली नाहीत. हेल्मेटमध्ये मला ऐकू येत नाही म्हणून बायको मागे बसून, जिकडे वळायचं त्या खांद्यावर थाप मारायची.

वळण आलं. स्क्रीनवर डावीकडचा बाण चांगला ठळक दिसत होता. तो बघूनही मी सरळ पुढे गेलो, कारण खांद्यावर थाप पडली नव्हती.