कागदापुरती चूल

आत्यांना चूल घालता येते. आमच्या आळीत ज्यांच्या मागच्या दारी आंघोळीचं पाणी तापवायला चूल आहे, त्यातल्या बहुतेक त्यांच्याच हातच्या. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले, त्यामुळं त्या बसूनच सरकतात, तळहाताखाली टायरचे दोन तुकडे धरून. पण माती मळायला बसल्या की बघत राहावं असं वाटतं. भुसा किती, शेण किती, विचारलं तर सांगता येत नाही त्यांना. म्हणतात, "माती सांगती गं. तू आपली गप बस."

त्या माझ्या कोणी नाहीत. मी त्यांच्या भावाच्या खोलीत भाड्यानं राहते. पुण्याजवळ, भुकूमच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून जरा आत. माझं गाव हिंगोलीकडं. आठवीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवऱ्याला हिंजवडीत कंपनीच्या गाडीवर काम लागलं म्हणून इकडं. इथं आले तेव्हा मला भाजीवाल्याशी बोलायचीसुद्धा भीती वाटायची. नवरा गाडी घेऊन गेला की मी दार लावून रडत बसायचे. एक दिवस मागच्या खोलीतून आवाज आला, "ए पोरी! रोज रोज काय रडतीस? जेवलीस का न्हाई?" मी गेले. आत्यांच्या पुढ्यात भावजयीनं वाढून ठेवलेलं ताट होतं. त्यातली अर्धी भाकरी त्यांनी मोडली आणि माझ्या हातावर ठेवली. "खा. तुमच्याकडल्यावानी तिखट न्हाई आमचं. पण खा."

ती अर्धी भाकरी मी विसरले नाही. म्हणूनच पुढचं सगळं सांगायला जड जातं.

आत्यांची खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. भावानं डोंगराकडची जमीन विकली आणि पुढं बंगला बांधला. बंगल्याला पायऱ्या आल्या. आत्या म्हणाल्या, मला पायऱ्या चढवायचा रोजचा कुटाना नको, मी मागंच बरी. भावानं फरशी बसवली, पंखा लावला. ताट दोन वेळा बंगल्यातून यायचं. भावजय ते दारात ठेवायची, कधी बोलून, कधी न बोलता. स्टीलचं, कडेला चेपलेलं ताट.

मला काम मिळालं ते अपंग माणसांना सरकारी मदत मिळवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत. गेले होते झाडलोट आणि चहा करायला. तिथल्या ताईंनी पाहिलं की आलेल्या बायका त्यांच्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलतात. मग त्यांनी मला गावोगाव पाठवायला सुरुवात केली, मुठा खोऱ्यापर्यंत. अपंगत्वाचा दाखला आहे का बघायचं, नसेल तर दवाखान्यात न्यायचं, कागद जोडायचे, पौडला तहसीलला नेऊन द्यायचे. आठवी सोडलेल्या बाईला कुणी असं काम देतं का? मी अजूनही प्रत्येक अर्ज तीनदा वाचते. एखादं अक्षर चुकलं आणि कुणाचं पेन्शन अडलं तर? ताई म्हणतात, अगं इतकी घाबरू नकोस. पण घाबरणं काही माझ्या हातात नाही.

आत्यांचं काम मी आपणहून काढलं. वाटलं, परतफेड होईल. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. मिसरी संपली तरी त्यांना भावजयीला हाक मारावी लागायची. साबण, मोबाइलचं रिचार्ज, डोकं दुखल्यावरची गोळी, सगळ्याला हाक. "उपाशी न्हाई ठेवत गं मला कुणी," त्या म्हणायच्या, "पण मागून मागून तोंड झिजलं माझं."

दाखला झाला. त्यासाठी पुण्याला दोन खेपा झाल्या, रिक्षावाल्यानं आणि मी मिळून त्यांना उचललं. पेन्शनचा अर्ज मात्र परत आला. रेशनकार्डावर त्या भावाच्या घरात. भावाच्या चार खोल्या भाड्यानं, दारात डंपर. अशा घरातली बाई निराधार कशी? पौडच्या बाबूनं समजावून सांगितलं, वाईट नव्हता बोलायला. "वेगळ्या राहतात ना मागं? मग वेगळं कार्ड काढा. तलाठी येऊन बघून जातील. वेगळं राहणं म्हणजे चूल वेगळी पाहिजे. चूल एक असली की कुटुंब एक."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बंगल्याच्या ओट्यावर सगळे होते. मी जरा चाचरतच सांगितलं. आत्या हसायला लागल्या. "एवढंच व्हय? मंग मला निराळी काढा की. चूल घालायला बाहेरनं माणूस आणायला नको."

"लई शाणी झालीया आमची वन्सं," भावजय म्हणाली. पण तीही हसत होती.

मी ताईंना विचारलं. खोटं तर नाही ना होणार? ताई म्हणाल्या, "तिच्या हातात स्वतःचं काहीच नाही, हे तर खरं आहे ना?" ते खरं होतं.

चूल घातली त्या आठवड्यात घरात लग्नासारखी गडबड होती. ओढ्याकडची माती मी आणली. आत्यांनी खोलीच्या कोपऱ्यात बसून चूल घातली, मागं वैलाची, दुसऱ्या भांड्याची, जागा ठेवली, वरून लाल मातीचा हात फिरवला. वाळल्यावर भाऊ आत डोकावून म्हणाला, "ही तर दुकानातली दिसतीया. तलाठी काय खुळा हाय काय? काळी करा जरा." मग काळी करायची म्हणून आत्यांनी त्या चुलीवर पिठलं टाकलं, भावजयीनं भाकरी थापल्या, धुरानं सगळ्यांचे डोळे गळायला लागले आणि आम्ही तिथंच खाली बसून जेवलो. भाऊसुद्धा. बंगला झाल्यापासून तो त्या खोलीत कधी जेवला नव्हता. आत्या म्हणाल्या, "ऐका रं. आजपास्नं मी निराळी. माझ्या घरी यायचं तर चपला भाईर काढायच्या."

"आन् पाव्हण्याला पान न्हाई व्हय?" भावानं विचारलं.

"पेन्शन येऊ दे. मंग पान देते."

तलाठी आले तेव्हा आत्या खाली मान घालून बसल्या. "काय शिजवलं आज?" तलाठ्यांनी विचारलं, चौकशीसारखं नाही, सहज. आत्यांना उत्तर येईना. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. भावजयच पुढं झाली. "पिठलं केलंय की. बघा की भाऊसाहेब, भिंत किती काळी झालीया. आमी किती सांगतो, आमच्यात जेवा, ऐकत न्हाईत. स्वभाव हाय एकेकाचा." तलाठ्यांनी चूल बघितली, चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर आत्या भावजयीला म्हणाल्या, "माझा सोभाव व्हय गं?" आणि पुन्हा सगळे हसले.

त्यानंतर ताट थोडं उशिरा यायला लागलं.

आधी वाटलं, घाई असेल. मग भावजयीनं सांगितलं, चूल अधूनमधून पेटती ठेवा, पुन्हा कोणी तपासायला आलं तर थंड दिसायला नको. बरोबरच होतं ते. मग एक दिवस ताटाऐवजी तांदूळ आले. एक दिवस पीठ आणि तेलाची पिशवी आली. कार्ड वेगळं झालं त्या महिन्यात आत्यांच्या नावाचं धान्य मीच दुकानातून आणून दिलं, मोठ्या उत्साहानं. मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. मग एका संध्याकाळी कामावरून आले तर आत्या अंधारात बसलेल्या. "जेवलात का?" मी सवयीनं विचारलं.

"पेटवते की आता," त्या म्हणाल्या. "लाकडं वली निघाली."

ताट कधीपासून बंद झालं होतं, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भावजयीकडं गेले. भाडेकरू बाईनं घरमालकिणीला काय बोलायचं? खोली गेली तर कुठं जायचं, हेही मनात होतं. तरी म्हटलं, "वहिनी, आत्यांचं ताट..."

ती कपडे वाळत घालत होती. थांबली नाही. "तुमीच केलं ना निराळं? कागदावर लिवून आलाय."

"ते कागदापुरतं होतं, वहिनी."

"मी या घरात आले त्या दिवसापास्नं ताट वाढतीया. सासू होती तवा बी, सासू गेल्यावर बी. बाळंतपणात बी उठून वाढलं मी. मला कुणी इचारलं? माझी कंबर गेली. माझ्यासाठी कुटं हाय का तुमच्याकडं अर्ज?" तिनं चादर झटकली. "त्यांना हात हायेत. बघितलं न्हाई का, कशी चूल घातली ती?"

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या पिशवीत खरंच तिच्यासाठी कुठलाच अर्ज नव्हता.

भावाला मी सांगितलं नाही. आत्यांनीच हात जोडले. "त्याच्या घरात माझ्यापायी भांडणं नकोत. पेन्शन सुरू होऊ दे. एकदा मंजूर झालं का मोडून टाकू ही चूल." हे त्या वारंवार म्हणायच्या. मला वाटायचं, मनाला समजावायला म्हणतात. मी संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त टाकायचे. त्या एक घ्यायच्या, एक परत करायच्या. "तुझा नवरा काय म्हणंल?"

बसून चुलीपुढं वाकायचं, फुंकायचं, तवा उचलायचा, सगळं त्यांना जमत होतं. जमत होतं हेच वाईट झालं. सकाळी बंगल्यातून भांड्यांचे आवाज यायचे, भावाच्या नातवंडांच्या हाका, मारामाऱ्या चालायच्या, आणि आत्या मागं एकट्याच भाताचं पातेलं हलवत बसायच्या. पोरांनाही कुणीतरी सांगितलं असावं. आधी ती त्यांच्या ताटातला घास खायला यायची. आता दारात उभी राहून विचारायची, "आत्याआजी, तू आमच्यातली न्हाईस का?"

मंजुरी आली तेव्हा आधी मलाच कळलं, पौडला. मी बसमध्ये उभी राहून आले आणि धावतच मागच्या खोलीत गेले. "आत्या, झालं! मंजूर झालं!"

त्यांनी टायरचे तुकडे बाजूला ठेवले. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. मग चुलीकडं बघून विचारलं, "मंग मोडू का आता?"

तेव्हा मला कळलं, त्या मनाला समजावत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. सगळे महिने त्या याचीच वाट बघत होत्या. पैशाची नाही, ताटाची.

मी सांगितलं. सांगावंच लागलं. दर वर्षी तपासणी होते. कार्ड वेगळंच ठेवावं लागतं. चूल एक झाली तर पेन्शन बंद होतं. बोलताना माझा आवाज मलाच पौडच्या बाबूसारखा वाटला.

"म्हंजे कायमची?"

"हो, आत्या."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी चुलीच्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग ही नीट घालायला पायजे. ही नुसती दाखवायला घातली व्हती. लई बुटकी हाय, वाकून मान धरतीया. उद्या माती आण."

मी माती आणली. त्यांनी जुनी चूल फोडली आणि तिथंच नवी घातली, जरा उंच, रुंद तोंडाची. नवी चूल वाळेपर्यंत पेटवता येत नाही, तडकते. म्हणून त्या दुपारी दारात ताट आलं. तेच, कडेला चेपलेलं. भावजय म्हणाली, "वाळंस्तवर खावा हितलं." पोरं पाठोपाठ आली. एकानं आत्यांच्या ताटातून बटाट्याची फोड उचलली.

रोज ताट यायला लागलं. रोज भावजय विचारायची, "वाळली का?" आणि आत्या म्हणायच्या, "न्हाई गं, वली हाय अजून. ऊनच येत न्हाई हितं."

एकदा मी खोलीत केर काढत होते. चुलीला हात लागला. वरचा मातीचा पोतेरा ओला होता, ताजा, बोटाला लागणारा. त्याखाली चूल दगडासारखी कडक. मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पदराआड सरकवला. त्याच वेळी भावजय ताट घेऊन दारात आली. "काय हो, वाळली का न्हाई?" तिनं या वेळी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ओली आहे."

कामावर मी सरकारी कागदात एक काना चुकू देत नाही. इथं मी सरळ खोटं बोलले आणि मला भीतीही वाटली नाही.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. आत्या रोज पोतेरा फिरवत होत्या. मग एक दिवस भावजय ताट ठेवून गेली नाही. आत आली, चुलीपुढं वाकली आणि तळहात आतून, जिथं पोतेरा पोचत नाही तिथं टेकवला. तसाच थोडा वेळ ठेवला. आत्या जेवत होत्या, त्यांनी घास खाली ठेवला. भावजयीनं हात पदराला पुसला आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून निघाले तेव्हा आत्यांच्या दारात जळणाची मोळी ठेवलेली होती. चांगली, वाळलेली, एका मापाची तोडलेली लाकडं. आत्या आतून मला म्हणाल्या, "पोरी, जाता जाता तेवढी आत सारून दे. मला उंबऱ्यावरनं वढंना."

मी ती आत ओढून दिली, चुलीच्या शेजारी.