पाहणी करण्यात आली

माझी ताई 'मी' म्हणत नाही. म्हणजे भूक लागली, पाय दुखले, चष्मा हरवला, एवढ्यापुरतं 'मला' आणि 'माझा' म्हणते. पण स्वतः काही काम केलं असेल, तर तो 'मी' कुठे दडून बसतो कोण जाणे. मी घर आवरलं, असं तिने आयुष्यात म्हटलेलं नाही. घर आवरून होतं. मी तुझा अर्ज लिहून दिला, असंही नाही. अर्ज लिहून झालाय, घेऊन जा.

एकोणीस वर्षं ती एका बँकेच्या कर्ज विभागात होती. कुणी कारखान्यासाठी, कुणी गोदामासाठी कर्ज मागितलं की ती फाइल ताईच्या टेबलावर यायची. कागद तपासायचे, जागेवर जाऊन पाहणी करायची आणि दोन पानांचं टिपण लिहायचं. त्या टिपणावरून वरचे साहेब हो किंवा नाही ठरवणार. या टिपणांच्या भाषेत माणसंच नसतात. 'कागदपत्रे तपासण्यात आली. प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. शिफारस करण्यात येत आहे.' हे लिहून लिहूनच ताई अशी झाली, असं माझं मत. भावोजी म्हणतात, ती आधीपासूनच अशी होती, म्हणून तर बँकेने घेतली.

मग एका सोमवारी बँकेच्या फलकावर कागद लागला. कर्ज विभाग बंद होणार, कामं मुख्य कचेरीतल्या यंत्रणेवर जाणार. विभागातल्या अकरा जणांपैकी दोघांना जोखीम विभागात घेणार, तेही मुलाखत घेऊन. उरलेल्या नऊ जणांबद्दल कागदावर अवाक्षर नव्हतं, पण ते न लिहिताही सगळ्यांना वाचता आलं. भावोजी नकाशे काढायचे. डोळे अधू झाल्यापासून घरी आहेत. घर ताईच्या पगारावर. ताई वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीला बसणार होती आणि त्याआधीची तिची शेवटची मुलाखत एकोणीस वर्षांपूर्वी झालेली, ज्यात तिला फक्त टायपिंगचा वेग विचारला होता.

"छोट्या, तू घे माझी तयारी करून," ती मला म्हणाली. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. मी एका विमा कंपनीत काम करतो, आणि नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला तिघं बसतात त्यात वर्षातून दोनदा मलाही बसवतात. तिसऱ्या खुर्चीत. पण घरी मी याचा जरा जास्तच गाजावाजा करून ठेवला होता, त्यामुळे आता मागे हटता येईना.

दर शनिवारी आणि रविवारी दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी एका बाजूला, हातात कोरा कागद घेऊन. ती समोर, हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी. भावोजी ओट्याशी चहा करायचे आणि ऐकत नसल्याचं नाटक करायचे.

"स्वतःबद्दल सांगा," मी म्हटलं.

"आमच्या विभागात वर्षाला सहाशे फायली होतात."

"विभागाबद्दल नाही विचारलं. तुमच्याबद्दल."

तिने मांडीवरचे हात टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "त्यातल्या शंभरेक माझ्या टेबलावरून जातात."

"फायलींना पाय आहेत का, आपल्या आपण जायला?"

ओट्याशी भावोजी खोकले. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढची दहा मिनिटं त्यांना खोकला आला नाही.

तिच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं असं मुळीच नाही. एकदा दोन वेगळ्या कर्जदारांनी एकच छपाईयंत्र तारण म्हणून दाखवलं होतं. कागदांवर नंबर वेगळे, मालक वेगळे. पण दोन्ही फोटोंत यंत्राच्या हिरव्या झाकणाचा तोच कोपरा उडालेला होता. केवढी रक्कम वाचली बँकेची! ही गोष्ट मला माहीत होती, म्हणून मी मुद्दाम विचारली.

"हो, ते लक्षात आलं," ताई म्हणाली.

"कुणाच्या?"

"विभागाच्या."

"विभागाला डोळे असतात?" मी खेकसलोच. "ताई, तिथे अकरा जण येणार आहेत. दहा जण 'मी केलं, मी केलं' म्हणून टेबल बडवणार. तू 'झालं, झालं' करत बसलीस तर ते म्हणतील, झालं तर झालं, तुम्ही कशाला हव्यात?"

हे बोललो आणि मला वाईट वाटलं, कारण तिचा चेहरा उतरला. मग मीच एक खेळ काढला. जो 'झालं', 'केलं गेलं', 'करण्यात आलं' म्हणेल त्याने खुर्चीतून उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं, मग बसायचं. ताईचे गुडघे दुखतात, तेव्हा शिक्षा पुरेशी होती. पहिल्या दुपारी ती चौदा वेळा उठली. भावोजी म्हणाले, हा इंटरव्ह्यू आहे की कवायत?

पण उपयोग झाला. तिसऱ्या रविवारी ती तीन वेळाच उठली. "मी दोन फोटो शेजारी ठेवले. मी झाकण ओळखलं. मी साहेबांना कळवलं." प्रत्येक 'मी'च्या आधी ती थोडी थांबायची, थंड पाण्यात पाय घालण्याआधी थांबतात तशी. आणि सगळं बोलून झालं की हळूच विचारायची, "फार फुशारकी वाटत नाही ना रे?"

एक प्रश्न राहिला होता. तुमचा एखादा दोष सांगा. हा मी तिला घोटून घेतला, कारण याचं उत्तर तयारच असतं. "मी कामात फार बारकाईने शिरते, त्यामुळे कधी कधी वेळ जास्त लागतो."

"हा दोष आहे?" ताईने विचारलं.

"नाही. म्हणून तर सांगायचा."

तिला ते पटलं नाही, पण तिने पाठ केलं. एकदा ती भाजी चिरताना ते पुटपुटत होती. मी कामात फार बारकाईने शिरते. सुरी चालतेय आणि ओठ चालताहेत. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. या बाईची एकोणीस वर्षं आणि या घराचा सगळा भार माझ्यासारख्या तिसऱ्या खुर्चीतल्या माणसाच्या भरवशावर होता.

मुलाखतीच्या सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. तिने नवे बूट घातले होते, ते टाचेला चावत होते. बसमध्ये तिने दोनदा बूट काढून टाच चोळली. बँकेच्या दाराशी मात्र माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "छोट्या, तोंडाला कोरड पडलीय." मी तिला पाणी दिलं. ती दोन घोट प्यायली आणि आत गेली.

मी खालच्या बाकावर बसलो. तिच्या आधीची माणसं बारा-तेरा मिनिटांत बाहेर येत होती. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. ताई वीस मिनिटं झाली तरी येईना. पंचविसाव्या मिनिटाला मला वाटलं, छाप पडली. पस्तिसाव्या मिनिटाला जीव टांगणीला लागला. चाळीस मिनिटांनी ती जिना उतरून आली, एका हातात बूट घेऊन, अनवाणी. माझ्या शेजारी बसली आणि जे घडलं ते एका दमात सांगितलं.

समोर तिघं होते. एक तिचेच जुने साहेब, जे आता जोखीम विभागाचे प्रमुख झालेत. एक गृहस्थ, जे फक्त लिहीत होते. आणि मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई, आखूड केसांच्या, त्यांच्यापुढे फायलींचा गठ्ठा. छपाईयंत्राची गोष्ट ताईने नीट सांगितली, एकदाही न अडखळता. साहेब मान डोलावत होते. मग बाईंनी विचारलं, तुमचा एखादा दोष?

"मी कामात फार बारकाईने शिरते," ताईने सुरुवात केली.

"बारकाईने?" बाई म्हणाल्या, आणि गठ्ठ्यातली एक फाइल काढून तिच्यापुढे सरकवली. "मग हे जरा वाचा."

चार वर्षांपूर्वीची फाइल. एका शीतगृहाला दिलेलं कर्ज, जे बुडालं. पैसे दिल्यावर वर्षभराने तिथे कुणी तरी गेलं तेव्हा कळलं, की शीतगृहाला चार भिंती आहेत, छप्पर नाही आणि आत एकही यंत्र नाही. तेव्हा चौकशी झाली होती आणि चौकशीत निष्पन्न काय, तर 'त्रुटी राहून गेली'. फाइलमध्ये ताईचं टिपण होतं. खाली तिची सही. वर तिच्याच अक्षरात: प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली.

"कुणी केली?" बाईंनी विचारलं.

ही फाइल कुठली, ते मी लगेच ओळखलं. कारण हा प्रकार मला ठाऊक होता. त्या दिवशी बँकेची गाडी नव्हती. साहेब फोनवर म्हणाले होते, आता वेळ नाही, पाहणी झाली असं लिहून टाका, मंजुरी आजच हवी. ते साहेब या क्षणी तिच्यासमोर बसून पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. तिला फक्त मोघम बोलायचं होतं. त्या वेळच्या पद्धतीनुसार झाली असेल, मॅडम. एकोणीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणाले, पाहणी केलीच नाही कुणी. मी गेले नव्हते. मला माहीत होतं की कुणीही गेलेलं नाही. तरी मी लिहिलं."

"आणि मग?"

"त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं लिहायला? मी साहेबांकडे हात केला. म्हटलं, यांनी. पण लिहिलं मी."

मी कपाळाला हात लावला. त्या भर वऱ्हांड्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला ओरडलो, गप्प बसायला काय झालं होतं तुला? ताई टाचेवरचा फोड बघत राहिली. मला राग तिचा आला नव्हता. तो बारकाईचा दोष मी तिच्या तोंडात घातला होता.

नवव्या दिवशी पत्र आलं. भावोजींना अक्षरं लागत नाहीत म्हणून मी मोठ्याने वाचलं. 'आपली निवड करण्यात आलेली नाही. विभाग बंद करण्यात येत असल्याने आपली सेवा महिनाअखेर समाप्त करण्यात येत आहे.' खाली शिक्का होता. सही वाचता येईना. साहेबांचं काय, असं भावोजींनी विचारलं. साहेब होते तिथेच होते. ताईने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि बिलांच्या डब्यात ठेवून दिलं. त्या दुपारी तिने जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

नंतरचे दोन महिने फार वाईट गेले. तिचे अर्ज जायचे, उत्तरं यायची नाहीत. भावोजींनी चहात साखर घालायची की नाही यावरूनसुद्धा तिची परवानगी घ्यायला सुरुवात केली. मी शनिवारी जायचं टाळू लागलो. मग एका छोट्या वित्तसंस्थेकडून बोलावणं आलं. दोन खोल्यांची कचेरी, सात माणसं, कर्जाच्या फायली तपासायला कुणी तरी हवं होतं. मुलाखत सोमवारी.

रविवारी मी पुन्हा त्या टेबलाशी बसलो. हातात कोरा कागद. ताई समोर. भावोजी ओट्याशी.

"मागची नोकरी का गेली, हे ते पहिल्यांदा विचारणार," मी म्हटलं. "हे बघ, यात शहाणपणा करायचा नाही. शीतगृह नाही, साहेब नाही, काही नाही. सरळ सांगायचं, विभाग बंद झाला. खोटंही नाही ते. विभाग बंद करण्यात आला, विषय संपला."

ताई माझ्याकडे बघत होती.

"उभा राहा," ती म्हणाली.

"काय?"

"झाला म्हणालास. करण्यात आला म्हणालास. उभा राहा, छोट्या."

मला वाटलं ती गंमत करतेय. ती करत नव्हती. ओट्याशी भावोजींनी गॅस बंद केला. मी खुर्ची मागे सारली आणि उभा राहिलो.

"आता विचार," ती म्हणाली.

मी उभ्यानेच विचारलं, "मागची नोकरी कशी गेली?"

"गेली नाही," ताई म्हणाली. "मी घालवली. का ते सांगते."