वास कसला येतो?

दर शनिवारी दुपारी नोव्हाय या उपनगरातले आमचे शेजारी, काका, मला डेट्रॉइट डाउनटाउनच्या एखाद्या नव्या पबपर्यंत ड्राइव्ह करायला लावतात. पिंपातल्या चार वेगवेगळ्या बिअरचे छोटे ग्लास मागवतात आणि मला दटावतात, "पिऊ नकोस. आधी सांग, वास कसला येतो?"

"भिजवलेल्या डाळीचा," मी काहीतरी ठोकून देतो.

"बरोबर!" काका वहीत लिहून घेतात. मी काहीही म्हटलं तरी बरोबरच. कसली ही परीक्षा, कळायचं नाही.

परवा तिसरी बिअर आंबलेली निघाली. व्हिनेगरचा नुसता भपकारा! काका मात्र ग्लासात नाक खुपसून शांत बसलेले.

"सांग ना, कसला येतो?"

त्यांना वास येतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

"भाजलेल्या शेंगदाण्यांचा," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटून पुन्हा खोल श्वास घेतला.

"बरोबर."